सात-एक म्हणजे काय? मोठ्या सामन्याआधी रग्बीचा संघ कसा ठरतो

२८ ऑक्टोबर २०२३ ची रात्र. कोजागिरी होती आणि त्याच रात्री खंडग्रास चंद्रग्रहणही होतं. दूध आटवायचं की नाही यावर आमच्या घरात दिवसभर वाद झाला आणि शेवटी मंडळी दुधाविनाच गच्चीवर जमली. सोलापुरात ऑक्टोबरअखेरीस रात्रीची हवा जरा बरी होते, म्हणून कुणी खाली जायला तयार नव्हतं. साडेबाराला पुतण्यानं मोबाइलवर पॅरिसमधला सामना लावला. रग्बी विश्वचषकाची अंतिम लढत, दक्षिण आफ्रिका विरुद्ध न्यूझीलंड.

तीन-चार मिनिटं झाली असतील. दक्षिण आफ्रिकेचा २ नंबरचा खेळाडू, बोंगी म्बोनाम्बी, गुडघा धरून बाहेर गेला. गच्चीवर कुणाला काही वाटलं नाही, पण समालोचकांचा आवाज एकदम बदलला. पुतण्या म्हणाला, "काका, एक गेला तर दुसरा येतोय की ओ. एवढं काय त्यात?" शेजारचा पोरगा त्याला म्हणाला, "अबे, बाकावर सात-एक आहे म्हणायलेत ते. सात-एक म्हणजे काय बे?"

मी कबड्डीतला माणूस. आधी खेळलो, मग शाळेत खेळ शिकवत आलो. रग्बी उशिरा बघायला लागलो, पण संघनिवड हा प्रकार मला या खेळानं जेवढा समजावला तेवढा दुसऱ्या कुठल्याच खेळानं समजावला नाही. जून २०२५ मध्ये मुंबईत रग्बी प्रीमियर लीग झाली तेव्हापासून पोरं जास्त विचारू लागली आहेत. पुढचा विश्वचषक १ ऑक्टोबर २०२७ पासून ऑस्ट्रेलियात आहे, पहिल्यांदाच २४ संघांचा. तेव्हा त्या रात्रीच्या दोन प्रश्नांची उत्तरं नीट लिहून काढतो.

## आधी खेळ, थोडक्यात

मुंबईतली लीग सात जणांच्या रग्बीची होती. विश्वचषकाचा खेळ पंधरा जणांचा असतो, ४० मिनिटांची दोन सत्रं. चेंडू हातात घेऊन पळता येतं, लाथेनं पुढे मारता येतो, पण हातानं पास मात्र मागेच द्यायचा. प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की 'ट्राय', त्याचे ५ गुण. त्यानंतरची किक खांबांमधून गेली तर आणखी २. समोरच्यानं नियम मोडल्यावर मिळालेली पेनल्टी किक खांबांमधून मारली तर ३.

आणखी दोनच शब्द लागतील. किरकोळ चूक झाली की दोन्ही संघांचे आठ-आठ जण वाकून, एकमेकांत खांदे अडकवून रेटा देतात आणि मध्ये चेंडू टाकला जातो. हा 'स्क्रम'. चेंडू बाजूच्या रेषेबाहेर गेला की दोन रांगा उभ्या राहतात, एक जण बाहेरून चेंडू फेकतो आणि आतले सोबत्याला उचलून तो हवेत झेलतात. ही 'लाइनआउट'.

## पाठीवरचा आकडा म्हणजे कामाची पाटी

क्रिकेटमध्ये खेळाडू आवडीचा आकडा घेतो. रग्बीत आकडा कामाचा असतो. १ ते ८ हे फॉरवर्ड: वजनदार, रेटा देणारे, चेंडू मिळवणारे. ९ ते १५ हे बॅक: पळणारे, पास देणारे, किक मारणारे. ९ नंबरचा या दोघांमधला दुवा आणि १० नंबरचा खेळ चालवणारा, बहुतेक वेळा किक मारणाराही तोच. १६ ते २३ हे आठ राखीव.

म्हणजे मोठ्या सामन्याआधी जाहीर होते ती यादी २३ जणांची. २०२३ च्या विश्वचषकाला प्रत्येक संघ ३३ खेळाडू घेऊन गेला होता. त्या ३३ मधून दर सामन्याला २३ निवडायचे आणि १० बाहेर ठेवायचे. त्या दहा जणांकडे शेवटी येतो.

## डावा कोपरा उजवीकडे चालत नाही

सोलापुरात हे समजवायला कबड्डी पुरते. डावा कोपरारक्षक आणि उजवा कोपरारक्षक दोघंही 'कोपरेच', पण पाय कुठला पुढे, कुठल्या हातानं घोटा धरायचा, चढाईवाल्याला कुठे वळवायचं, हे सगळं आरशासारखं उलटं असतं.

स्क्रमच्या पहिल्या रांगेत तीन जण असतात. दोन टोकांना दोन प्रॉप, मध्ये हुकर. १ नंबरच्या प्रॉपचं डोकं बाहेरच्या बाजूला मोकळं राहतं. ३ नंबरच्या प्रॉपचं डोकं समोरच्या दोघांच्या मध्ये अडकतं, दोन्ही खांद्यांवर भार येतो. मागून स्वतःच्या पाच जणांचा रेटा आणि समोरून आठ जणांचा. आंतरराष्ट्रीय संघातल्या आठ फॉरवर्डचं एकत्रित वजन नऊशे किलोच्या आसपास भरतं. तिथे सवय नसलेला माणूस उभा केला तर मानेला आणि मणक्याला धोका असतो. म्हणूनच नियम असा आहे की २३ जणांत पहिल्या रांगेच्या तिन्ही जागांना शिकलेला बदली खेळाडू असलाच पाहिजे. तसे खेळाडू उरले नाहीत तर स्क्रम नावापुरता होतो, कुणी रेटायचं नाही.

आता २०१९ ची अंतिम लढत बघा. २ नोव्हेंबर, जपानमधलं योकोहामा, इंग्लंड विरुद्ध दक्षिण आफ्रिका. इंग्लंडचा ३ नंबरचा काइल सिंक्लर तिसऱ्याच मिनिटाला बेशुद्ध होऊन बाहेर गेला. बदली डॅन कोल अनुभवी होता, पण जो माणूस उत्तरार्धात अर्धा तास खेळायला ठेवला होता त्याला जवळजवळ पूर्ण सामना खेळावा लागला. दक्षिण आफ्रिकेनं मात्र मध्यंतरानंतर ताज्या दमाचे प्रॉप आणले. स्क्रममागून स्क्रम इंग्लंड मागे सरकत गेलं, पेनल्टी देत गेलं आणि ३२-१२ असं हरलं. कोल वाईट खेळला असं मी म्हणणार नाही. एका माणसानं दोघांचं ओझं उचललं.

हे मला फार जवळचं आहे. कॉलेजात असताना एका स्पर्धेत आमच्या बारा जणांत चढाईवाले भरपूर होते आणि डावा कोपरा एकच. उपांत्य सामन्यात त्याचा घोटा मुरगळला. मी उजव्या कोपऱ्याचा, मला डावीकडे उभं केलं. चार चढायांत तीन वेळा माझा हात चुकीच्या बाजूनं गेला. आम्ही हरलो. आमचे सातही जण समोरच्यांपेक्षा सरस होते, पण बाराची यादी चुकली होती. तेव्हापासून कुठल्याही संघाची यादी मी खालून वर वाचतो. आधी राखीव, मग बाकीचे.

## बाकावर कोण बसतं

नेहमीची पद्धत अशी: आठ राखिवांत पाच फॉरवर्ड, तीन बॅक. याला पाच-तीन म्हणतात. त्या पाचांत पहिल्या रांगेचे तीन ठरलेलेच. बॅकमध्ये एक ९ नंबरचा, एक १० नंबरचा आणि एक मागच्या कुठल्याही जागी चालेल असा.

२०१९ मध्ये दक्षिण आफ्रिकेनं सहा-दोन केलं. त्या राखीव फॉरवर्डच्या टोळीला 'बॉम्ब स्क्वॉड' असं नावच पडलं. ऑगस्ट २०२३ मध्ये लंडनला न्यूझीलंडविरुद्ध त्यांनी त्याच्याही पुढे जाऊन सात-एक केलं. आठांत सात फॉरवर्ड, बॅक फक्त एक.

का? आपल्याकडच्या गड्ड्याची आठवण काढा. सिद्धेश्वर यात्रेत सात नंदीध्वज निघतात. बाराबंदी घातलेले मानकरी ती उंच काठी कमरेशी तोलून अडुसष्ट लिंगांच्या वाटेवर नेतात. कितीही ताकदीचा माणूस असू दे, तो एकटा ती अख्ख्या मार्गावर नेत नाही. शेजारी तयारीचा दुसरा उभा असतो आणि काठी डुलायच्या आत खांदेपालट होते. हात थरथरायला लागल्यावर माणूस बदलून उपयोग नाही, त्याआधीच बदलावा लागतो.

फॉरवर्डचं तसंच आहे. रेटणं, झुंजणं, पडणं, उठणं, पुन्हा रेटणं. पन्नास मिनिटांनी पाय जड होतात. त्या वेळी समोर सात नवे, ताज्या पायांचे फॉरवर्ड आले तर काय होईल? लंडनच्या त्या सामन्यात न्यूझीलंड ७-३५ असं हरलं.

त्याची किंमतही लक्षात घ्या. सात-एकमध्ये बाकावर एकच बॅक. ९ आणि १० नंबरचे दोघं दुखावले तर? एकदा स्वेच्छेनं बाहेर गेलेला खेळाडू मोजके अपवाद सोडले तर परत येऊ शकत नाही. डोक्याला मार लागल्याची शंका आली तर खेळाडूला तपासणीसाठी बाहेर न्यावंच लागतं, तिथे 'मी ठीक आहे' हे त्याचं म्हणणं चालत नाही. म्हणजे सात-एक करणारा प्रशिक्षक एक दरवाजा भक्कम करताना दुसरा उघडा ठेवतो, आणि तो उघडा आहे हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

## मार्क्स गेला, पोलार्ड आला

आता त्या कोजागिरीच्या रात्रीकडे. समालोचकांचा आवाज का बदलला, याचं उत्तर दीड महिना मागे आहे.

दक्षिण आफ्रिकेकडे जगातल्या उत्तम हुकरांपैकी दोन होते, म्बोनाम्बी आणि माल्कम मार्क्स. हुकरचं काम दुहेरी. स्क्रममध्ये मधोमध राहून पायानं चेंडू मागे ओढायचा आणि लाइनआउटमध्ये चेंडू फेकायचा. ही फेक इंचाइंचाची असते, वर्षानुवर्षांच्या सरावाची. स्पर्धेतला पहिला सामना झाला आणि सरावात मार्क्सचा गुडघा गेला. विश्वचषक संपला त्याचा.

नियमाप्रमाणे बदली खेळाडू बोलावता येत होता. कुणीही म्हटलं असतं, हुकर गेला तर हुकर आणा. प्रशिक्षक जॅक नीनाबर आणि त्यांच्यासोबतचे रॅसी इरॅस्मस यांनी बोलावला १० नंबरचा हँड्रे पोलार्ड! पोटरीच्या दुखापतीमुळे तो मूळ ३३ जणांत नव्हता. संघाकडे हुकर आता एकच उरला. त्याला काही झालं तर? त्यासाठी डिऑन फूरी. वय ३७, हल्ली दुसऱ्या जागी खेळणारा, पण तरुणपणी हुकर होता.

हे वाचून डोकं चक्रावतं, पण त्यांचा हिशोब काय असावा ते बघा. मोठे बाद फेरीचे सामने थोड्या गुणांनी सुटतात, आणि ते गुण किकमधून येतात. त्याच स्पर्धेत साखळीत आयर्लंडविरुद्ध दक्षिण आफ्रिका ८-१३ हरली, तेव्हा बाकावर सात-एकच होतं, रेटाही होता, पण किक हुकल्या. त्या दिवशी पोलार्ड संघासोबत येऊनही २३ जणांत नव्हता.

पुढे उपांत्यपूर्व फेरीत फ्रान्सविरुद्ध २९-२८. उपांत्य फेरीत इंग्लंडविरुद्ध शेवटची दहा मिनिटं उरली असताना ६-१५ अशी पिछाडी. प्रशिक्षकांनी १० नंबरच्या मानी लिबॉकला अर्ध्या तासातच काढून पोलार्डला आणलं होतं. राखीव आर. जी. स्नायमननं ट्राय केला, पोलार्डनं २ गुणांची किक साधली. मग शेवटच्या मिनिटांत राखीव प्रॉप ऑक्स न्चे आणि सोबत्यांनी स्क्रममध्ये इंग्लंडला असं मोडलं की पेनल्टी मिळाली. जवळजवळ पन्नास मीटरवरून पोलार्डनं ती मारली. १६-१५. ट्राय राखिवाचा, रेटा राखिवांचा, किकही राखिवाची.

आणि अंतिम सामना. यादी आली तेव्हा बाकावर पुन्हा सात-एक. पोलार्ड पहिल्या पंधरात, ९ नंबरला फाफ डी क्लर्क, आणि ९ ला बदली म्हणून बाकावर कुणीच नाही. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला म्बोनाम्बी गेला. जो एक धागा तुटू नये तोच तुटला. ३७ वर्षांचा फूरी मैदानात आला आणि शेवटपर्यंत खेळला. लाइनआउट डळमळली, न्यूझीलंडनं ती ओळखून दाबलीही. पण न्यूझीलंडचा कर्णधार सॅम केन पूर्वार्धातच लाल कार्डावर बाहेर गेला, त्यांना १४ जणांत खेळावं लागलं. दक्षिण आफ्रिकेनं ट्राय एकही केला नाही. चार पेनल्टी किक, चारही पोलार्डच्या. १२-११.

माझं मत असं आहे की हुकरऐवजी किकर आणण्याचा तो निर्णय बरोबर होता, आणि म्बोनाम्बी जायबंदी झाल्यावर सामना हरले असते तरी बरोबरच राहिला असता. दोन्ही बाजूंची भोकं बुजवता येत नव्हती. कुठलं भोक उघडं ठेवून जगता येईल, हे त्यांनी डोळे उघडे ठेवून ठरवलं. आमच्या कॉलेजच्या संघात डाव्या कोपऱ्याचा विचारच कुणी केला नव्हता. फरक इथे आहे.

## मग सगळ्यात चांगले पंधराच का नाही निवडत?

हा प्रश्न दर वेळी येतो. फलाणा एवढा चांगला असून बाहेर कसा?

त्याचं एक कारण वर आलंच: संघ २३ जणांचा असतो. दुसरं, 'चांगला' हे समोर कोण आहे त्यावर ठरतं. उंच किकांचा मारा करणाऱ्या संघासमोर १५ नंबरला झेल पक्के घेणारा लागतो, भले तो थोडा कमी वेगवान असो. पाऊस असेल तर हातातला खेळ कमी आणि रेटा जास्त. खरिपात नि रब्बीत ज्वारी एकाच वाणाची पेरत नाहीत, तसंच.

तिसरं कारण जोडीचं. ९ आणि १० यांना एकमेकांची सवय लागते. यंत्रमागावर काम केलेल्या कुणालाही विचारा, नवा सुटा भाग कितीही भारी असला तरी शेजारच्या भागाशी बसला नाही तर कापडात दोष येतोच. उपांत्यपूर्व आणि उपांत्य फेरीत दक्षिण आफ्रिकेनं २३ जण तेच ठेवले होते. अंतिम सामन्यात ९ आणि १० दोघंही एकदम बदलले, आणि ही जोडी २०१९ ची अंतिम लढत एकत्र जिंकलेली होती.

चौथं, दुखापतीतून आलेला खेळाडू. सिया कोलिसीच्या गुडघ्यावर एप्रिल २०२३ मध्ये शस्त्रक्रिया झाली होती. सप्टेंबरात विश्वचषक. ऑगस्टमध्ये तो वेल्सविरुद्ध परत खेळला आणि मगच कर्णधार म्हणून पुढे गेला. नाव मोठं होतं, तरी मैदानावर सिद्ध करूनच.

## ताज्या दमाचे सात जण आणणं अन्याय नाही का?

ही टीका मनापासून करणारे लोक आहेत आणि त्यांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. त्यांचा मुद्दा असा: राखीव खेळाडू दुखापतीसाठी असतात. थकलेल्या शरीरांवर एकदम सात दणदणीत, ताजी शरीरं सोडली तर जोराच्या धडका बसतात, इजा वाढू शकते.

उलट बाजू अशी: आठ राखीव सगळ्यांनाच आहेत. कोण कुठले निवडतो हा त्याचा प्रश्न, आणि सात-एकवाला आपल्या बॅकचा धोकाही पत्करतोच. थकलेला प्रॉप स्क्रममध्ये कोसळतो तेव्हा मान मोडायची भीती त्यालाच जास्त, म्हणून ताजा प्रॉप येणं सुरक्षेचंही आहे.

मला दुसरी बाजू जास्त पटते, पण एका अटीवर. राखिवांची संख्या कमी करायची चर्चा कधी झालीच तर पहिल्या रांगेच्या तिघांना हात लावू नये. बाकीच्या पाचांवर खुशाल वाद घाला.

सात-एक ही जादू आहे असंही नाही. त्याच २०२३ सालात तोच आकडा वापरून दक्षिण आफ्रिका एकदा ३५-७ जिंकली, एकदा ८-१३ हरली आणि एकदा १२-११ जिंकली.

## सोमवार ते शुक्रवार

शनिवारी सामना असेल तर आठवडा साधारण असा जातो. रविवारी अंग मोकळं करणं, पोहणं, बर्फाच्या पाण्यात बसणं, दुखऱ्या जागा वैद्याला दाखवणं. सोमवारी मागच्या सामन्याची चित्रफीत आणि हलका सराव. मंगळवारी खरी झटापट, स्क्रम आणि लाइनआउटसह. बुधवारी बहुधा सुट्टी. गुरुवारी वेगात पण थोडा वेळ. शुक्रवारी मैदानावर 'कॅप्टन्स रन', म्हणजे कर्णधाराच्या देखरेखीखाली चाली एकदा म्हणून बघायच्या, किकरनं खांब आणि वारा ओळखून घ्यायचा. पाठीवर दोन खांद्यांच्या मध्ये एक छोटं यंत्र असतं, कोण किती पळाला ते सांगणारं. मंगळवारी जास्त पळाला तर गुरुवारी त्याला आवरतात. परीक्षेच्या आदल्या रात्री नवा धडा काढायचा नाही, हा नियम इथेही आहे.

एक दिवस कमी-जास्त झाला तरी हे सगळं आक्रसतं. २०२३ मध्ये न्यूझीलंडचा उपांत्य सामना शुक्रवारी झाला, दक्षिण आफ्रिकेचा शनिवारी. म्हणजे अंतिम सामन्याआधी न्यूझीलंडला आठ दिवस, दक्षिण आफ्रिकेला सात, आणि त्यांचा उपांत्य सामनाही शेवटच्या मिनिटापर्यंत झुंजलेला. सात फॉरवर्ड बाकावर ठेवण्यामागे थकव्याचा हा हिशोब नक्की असणार असं मला वाटतं.

पंचांचाही अभ्यास होतो. अंतिम सामन्याला वेन बार्न्स होते. प्रत्येक पंच काही गोष्टींवर लगेच शिट्टी मारतो, काहींना थोडी सूट देतो. त्यांचे जुने सामने बघून ते खेळाडूंना सांगितलं जातं, सामन्याआधी प्रशिक्षक पंचांना भेटून शंकाही विचारतात. यात गैर काही नाही. जत्रेतल्या कुस्तीतही पैलवान आधी पंच कोण ते विचारतोच.

लाइनआउटचे इशारे हा मला सगळ्यात आवडणारा भाग. चेंडू पुढच्याला, मधल्याला की मागच्याला, हे ओरडून सांगायचं, पण समोरच्याला कळू द्यायचं नाही. त्यासाठी सांकेतिक शब्द दर सामन्याला बदलतात आणि सगळ्यांना पाठ असावे लागतात. आमच्या शाळेतल्या पोरांना वाटलं होतं, सोपं आहे, तेलुगूत ओरडू. पण सोलापुरात समोरच्या संघातही कन्नड, तेलुगू, मराठी तिन्ही जाणणारे निघतात! शेवटी त्यांनी भाज्यांची नावं ठरवली आणि ती पाठ करायला आठवडा लागला. अंतिम सामन्यात फूरी अचानक आत आला तेव्हा फेकीबरोबर हे सगळं इशाऱ्यांचं जाळंही त्याला डोक्यात तयार ठेवावं लागलं असणार. राखीव माणसाचा अभ्यास पहिल्या पंधरांपेक्षा जास्त असतो तो असा.

## यादी दोन दिवस आधीच का सांगतात? समोरच्याला कळतं की!

कळतंच. पण दोघांचीही कळते. काही संघ तर मंगळवारीच नावं सांगून टाकतात. त्याचा फायदा असा की कोण खेळणार ही कुजबुज थांबते, निवडलेले निश्चिंतपणे एकत्र सराव करतात आणि उरलेल्यांना आपलं काम कळतं. यादी लपवण्यापेक्षा तीन दिवस निवांत सराव मोलाचा.

म्हणून यादी आली की मी सांगतो तसं बघा. आधी १६, १७, १८: पहिल्या रांगेचे बदली कोण, किती अनुभवी. मग १९ ते २३ मध्ये फॉरवर्ड किती, बॅक किती. ९ आणि १० ला बदली आहे का. मग पहिल्या पंधरात किक मारणारे किती. एवढं पाहिलं की प्रशिक्षक कशाला घाबरतोय आणि कशावर भरवसा ठेवतोय ते दिसायला लागतं.

## उरलेले दहा

यादीत नाव नसलेल्या दहा जणांना घरी पाठवत नाहीत. आठवडाभर ते 'समोरचा संघ' होतात. समोरच्याच्या चाली शिकायच्या, त्याच्या इशाऱ्यांसारखे इशारे द्यायचे, त्याच्या ९ नंबरसारखा पास टाकायचा आणि आपल्याच सोबत्यांना मंगळवारी जीव तोडून झुंजवायचं. शनिवारी ब्लेझर घालून प्रेक्षागृहात बसायचं.

जिल्ह्याच्या संघात राखीव असताना मी महिनाभर एका पुण्याच्या चढाईवाल्यासारखी चढाई करून आमच्या कोपऱ्यांना धरायला लावायचो. सामन्यात त्याला आमच्या पोरांनी तीनदा धरलं. मी मैदानात एक पाऊलही टाकलं नव्हतं, पण त्या तीनही पकडी मला माझ्याच वाटल्या. हे बाहेरून दिसत नाही, म्हणून लिहिलं.

पंधरा जणींच्या रग्बीत भारतीय महिला संघानं पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळवला तो जून २०१९ मध्ये मनिलात, सिंगापूरविरुद्ध २१-१९. दोन गुणांचा फरक. त्यामागे सरावात त्यांना झुंजवणाऱ्या किती पोरी असतील, त्यांची नावं कुठे छापलेली मला सापडली नाहीत.

त्या कोजागिरीला सामना संपला तेव्हा अडीच वाजत आले होते. ग्रहण सुटून चंद्र पुन्हा पूर्ण झाला होता. पुतण्यानं विचारलं, "काका, तो गुडघा दुखावलेला हुकर, मार्क्स, त्याचं काय झालं असेल ओ?" तेव्हा मला सांगता आलं नव्हतं. आता येतं. मार्क्स बरा होऊन संघात परतला, आणि २०२५ मध्ये जागतिक रग्बी संघटनेनं पुरुषांमधला वर्षातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याचंच नाव जाहीर केलं.